खिरका आणि वारसा

सूफी ग्रंथांत 'सिलसिला' हा शब्द पदोपदीं भेटतो. त्याचा मूळ अर्थ सांखळी असा आहे. शिष्यानें गुरूच्या हातांत हात देऊन 'बैअत' केली, म्हणजे त्याच्या आज्ञेंत राहण्याचें वचन दिलें, कीं तो त्या सांखळीची एक कडी होतो. गुरु, परमगुरु, त्यांचेही गुरु, अशी ती मागें जात बहुतेक सिलसिल्यांत हजरत अलींमार्फत पैगंबरांपर्यंत पोंचते. नक्षबंदी मात्र आपला संबंध अबू बक्रांशीं जोडतात. ज्ञानेश्वरांनीं आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंत आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. तेव्हां महाराष्ट्रीय श्रोत्यांस ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

परंतु प्रत्येक शिष्य कांहीं गुरूचा वारस होत नाहीं. मुरीद हजारों असूं शकतात. इतरांस दीक्षा देण्याचा अधिकार ज्यास मिळतो तो खलीफा. त्यास लेखी 'खिलाफतनामा' मिळे आणि गुरूनें वापरलेला झगा, म्हणजे 'खिरका', त्याच्या अंगावर घातला जाई. विद्या ग्रंथांतून मिळविता येते, पण वासना जिंकण्याची रीत गुरूच्या सहवासांतच कळते, अशी सूफींची धारणा असल्यामुळें या अधिकारास एवढें महत्त्व आलें. आणि जेथें अधिकार आहे तेथें वारसाचा तंटाही आहेच.

हिंदुस्थानांतील चिश्ती सिलसिल्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोलका आहे. अजमेरचे मुईनुद्दीन चिश्ती १२३६ सालीं वारले. त्यांचे दिल्लीचे खलीफा कुतुबुद्दीन बख्तियार काकी त्यांच्या कांहीं महिने आधींच, १२३५ मध्यें, निवर्तले होते. म्हणजे ही गादी राजगादीसारखी नव्हे. एक उठल्यावर दुसऱ्यानें बसावें असा येथें नियम नाहीं. कुतुबुद्दीनांच्या अंतकाळीं त्यांचे आवडते शिष्य फरीदुद्दीन हांसीस होते. ते दिल्लीस पोंचल्यावर गुरूनें मागें ठेवलेला खिरका त्यांस देण्यांत आला. पुढें राजधानीचा गलबला सोडून ते पंजाबांत अजोधन येथें राहिले. तेंच आजच्या पाकिस्तानांतील पाकपट्टन.

१२६५ सालीं बाबा फरीदांचा अंत जवळ आला, तेव्हां त्यांचे खलीफा निजामुद्दीन औलिया दिल्लीस होते आणि घरांत मुलगे होते. दिल्लीहून आलेल्या सय्यद महंमद किरमानी यांस मुलांनीं दारांतच अडविलें. पण ते आंत शिरले आणि बोलतां बोलतां त्यांनीं निजामुद्दीनांचें नांव काढलें. तें ऐकतांच बाबांनीं आपला खिरका, नमाजाचें आसन व काठी त्यांच्यासाठीं किरमानींच्या स्वाधीन केलीं. मुलांस हें अर्थातच रुचलें नाहीं. ही हकीकत 'सियरुल् औलिया' या चरित्रग्रंथांत आहे. तिचे लेखक अमीर खुर्द हे याच किरमानींचे नातू, हें ध्यानांत ठेवून ती वाचलेली बरी. फळ मात्र निर्विवाद आहे. अजोधनचा दर्गा बाबांच्या वंशजांकडे राहिला आणि शिकवणीची मुख्य धारा दिल्लीस वाहूं लागली. निजामुद्दीन स्वतः अविवाहित राहिले, त्यामुळें तेथें पुत्रांचा प्रश्नच उरला नाहीं.

अधिकाराची ही जपणूक किती कडक असे, तें बुरहानुद्दीन गरीब यांच्या एका प्रसंगावरून दिसतें. वृद्धापकाळामुळें ते दुहेरी घडी घातलेल्या घोंगडीवर टेकून बसत. हे शेखाच्या आसनावर बसल्याचा थाट करतात, अशी चहाडी निजामुद्दीनांच्या कानीं गेली आणि त्यांनीं या जुन्या शिष्याशीं बोलणें सोडलें. शेवटीं कवि अमीर खुस्रो यांनीं आपलें पागोटें गळ्यांत घालून रदबदली केली, तेव्हां कुठें क्षमा मिळाली.

हेच बुरहानुद्दीन पुढें दक्षिणेंत आले. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास दौलताबादेस राजधानी नेली, तेव्हां दिल्लीचे अनेक सूफी तिकडे गेले. निजामुद्दीनांचीं संभाषणें १३०८ ते १३२२ पर्यंत टिपून ठेवून 'फवाइदुल् फुवाद' रचणारे अमीर हसन यांची कबर खुलदाबादेस आहे; बुरहानुद्दीनही १३३७ सालीं निवर्तल्यावर तेथेंच विसावले. त्यांनीं आपला अधिकार जैनुद्दीन शिराजी या विद्वानास दिला. ते १३६९ मध्यें वारले, पण त्यांनीं मागें कोणी मुख्य खलीफा नेमला नाहीं. त्यांच्या दर्ग्यांत एक झगा जपून ठेवला आहे. तो प्रत्यक्ष पैगंबरांचा अशी भाविकांची श्रद्धा आहे. औरंगजेबाची साधी कबर याच दर्ग्याच्या आवारांत आहे.

दिल्लीस निजामुद्दीनांची जागा चालविणारे नसीरुद्दीन 'चिराग' यांनीं आणखी निराळी वाट धरली. १३५६ सालीं मृत्यूसमयीं, या वस्तूंस योग्य असा कोणी दिसत नाहीं म्हणून त्यांनीं गुरूकडून आलेला खिरका, काठी व जपमाळ आपल्याबरोबरच पुरावयास सांगितलें. तरी सांखळी तुटली नाहीं. त्यांचे शिष्य गेसूदराज १४०० च्या सुमारास गुलबर्ग्यास आले आणि १४२२ मध्यें तेथेंच वारले. त्यांच्या दर्ग्याची गादी आजही त्यांच्या वंशजांकडे आहे.