एक रात्र मध्ये जाऊ द्या

जत्रांचे दिवस आले. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भेळेच्या गाड्या, आणि त्याच रांगेत मशीन घेऊन बसलेला गोंदणारा. सोबतची कुणीतरी म्हणते, "चल गं, नाव काढून घेऊ." दहा मिनिटांत काम होतं. आज त्या दहा मिनिटांविषयी बोलू.

गोंदण आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर ते असायचंच. बाकीचे दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं वर सोबत येतं, असं जुन्या बायका म्हणायच्या. गोंदण जात का नाही, ते समजून घेऊ. आपली वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते. मेंदी म्हणूनच उतरते. गोंदणाची सुई मात्र त्याखालच्या थरात शाई सोडते. तो थर झडत नाही. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात आणि रंग जन्मभर राहतो.

आता सुईचं बघा. ती शेकडो वेळा कातडीत शिरते, थोडं रक्त येतंच. तीच सुई फडक्यानं पुसून दुसरीला लावली, किंवा सगळ्यांसाठी एकाच डबीतली शाई वापरली, तर एकीच्या रक्तातला आजार दुसरीला जाऊ शकतो. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. कावीळ ब चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी, शाई आपल्यापुरती वेगळ्या झाकणात ओतलेली हवी, आणि गोंदणाऱ्याच्या हातात नवे हातमोजे हवेत. यातलं एक जरी नसेल तरी उठून यायचं. पैसे दिले असले तरी उठायचं. गोंदल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही, तेही याच कारणानं.

ज्यांच्या मुली भरतीची तयारी करत आहेत त्यांनी आणखी एक ऐकावं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत गोंदणाचे नियम आहेत. डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, एवढीच जागा चालते. गोंदणही त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान लागतं. उजवा हात सलामीचा, म्हणून त्याच्या आतल्या बाजूवर चालत नाही. पहाटे उठून वर्षभर धावलेली पोर वैद्यकीय तपासणीत अडकली, तर केवढं नुकसान!

"नको वाटलं तर काढू की," असं कुणी म्हणेल. लेझरनं निघतं, पण एका वेळी निघत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा जावं लागतं, काढायला घालण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात आणि पुसट खूण राहू शकते. चुना किंवा ॲसिड लावण्याचे उद्योग तर करूच नका. कातडी जळते, व्रण राहतो.

मैत्रिणींनो, हौस करू नका असं माझं म्हणणं नाही. जत्रेत मनात आलं म्हणून बांगड्या भरल्या, दोन भेळी जास्त खाल्ल्या, बिघडत काही नाही. पण काही निर्णय पुसता येतात आणि काही येत नाहीत. गोंदण, कुणाच्या कर्जाला जामीन राहणं, न वाचता कागदावर अंगठा किंवा सही, रागाच्या भरात दिलेला शब्द, हे सगळे न पुसणाऱ्यातले. आणि नेमक्या अशाच वेळी समोरचा घाई करतो. "आजच्याच दिवस हा भाव", "सगळ्यांनी घेतलं, तुम्हीच राहिल्या." गर्दीत नाही म्हणायला जड जातं, हे आपण सगळ्याच जाणतो.

माणूस घाईत फसतो हे कायद्यालाही माहीत आहे. आयुर्विमा घेतला आणि पटला नाही, तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. गोंदणाला अशी मुदत नाही. ती आपणच आपल्याला द्यायची.

कशी द्यायची? मोठ्या निर्णयाला एक रात्र मध्ये जाऊ द्या. गोंदणाला तर एक जत्रा जाऊ द्या. हवं ते चित्र किंवा नाव त्याच जागी मेंदीनं काढा. उतरलं की पुन्हा काढा. दोन-तीन महिने रोज पाहूनही आवडलं, तर खुशाल चांगल्या ठिकाणी जाऊन गोंदवा. आणि कुणी आत्ताच ठरवा म्हणालं, तर एक वाक्य तयार ठेवा: "उद्या सांगते." त्यात कुणाचा अपमान नाही, आणि जी गोष्ट खरंच चांगली असते ती उद्याही चांगलीच असते.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगा, कोणत्या निर्णयाला आपण एक रात्र द्यायला हवी होती. लेकींनाही शेजारी बसवा.