पान्हा, पंप आणि पंच-इन

माहीत आहे का? जानेवारी 2019 मध्ये ब्रिटनमधली 268 मैलांची ‘स्पाइन रेस’ एका बाईने जिंकली. बायकांमध्ये पहिली नव्हे हं, अख्ख्या शर्यतीत पहिली! नाव जास्मिन पॅरिस. कडाक्याची थंडी, मिट्ट अंधार, 83 तास 12 मिनिटं, आणि आधीचा विक्रम तब्बल 12 तासांनी मोडीत. वाटेतल्या थांब्यांवर बाकीचे भिडू दमून आडवे होत होते, तेव्हा ही काय करत होती? दूध काढत होती! घरी 14 महिन्यांची लेक होती ना.

एवढ्या घाईत कशाला, असं विचारताय? अहो, छातीला शर्यत कळत नाही आणि मीटिंगही कळत नाही. भरली की भरली. वेळेवर रिकामी केली नाही तर दगड होते, ठणका लागतो, कधी तापही भरतो.

आणि त्याहून मोठी गंमत पुढे आहे. हा कारखाना फक्त ऑर्डरवर चालतो. माल उचलला की नवा बनतो. साचून राहिला की साचलेलं दूधच निरोप धाडतं, ‘आता पुरे!’ म्हणजे रोज दुपारचा पंप चुकवून क्लायंटला खूश केलंत, तर काही दिवसांत उत्पादनात कपात. अळिवाचे लाडू खा, डिंकाचे खा, खसखशीची खीर ओरपा, कोण नाही म्हणतंय? पण दुधाचं पहिलं टॉनिक म्हणजे वेळेवर रिकामं होणं. हे एचआरच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

माहीत आहे का? निव्वळ अंगावर पिणारं बाळ महिन्याचं झालं की दिवसाला साधारण 750 मिली दूध पितं आणि सहाव्या महिन्यातही जवळपास तेवढंच! बाळ फुगतं, दुधाचा आकडा हलत नाही. तेव्हा ‘आता मोठा झालाय, तुझं दूध पुरत नसेल’ म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना हा आकडा हसून ऐकवा.

आता जरा ऑफिसात डोकावू. सकाळचे साडेअकरा. कॉन्फरन्स रूम ‘इंटर्नल कॉल’ म्हणून बुक. दाराला कडी नाही, म्हणून हँडलखाली खुर्ची अडकवलेली. पंप घुर्र-चुक, घुर्र-चुक करतोय आणि बाटलीत? शून्य. मग आई मोबाइल काढते, कालचा व्हिडिओ लावते, त्यात बाळ खिदळतं... आणि धार सुरू!

जादू नाही हो, ऑक्सिटोसिन. बाळ दिसलं, ऐकू आलं, त्याच्या दुपट्याचा वास आला की मेंदू हे हार्मोन सोडतो आणि पान्हा फुटतो. टेन्शन आलं की हेच हार्मोन रुसून बसतं. बॉसने दार वाजवलं की बाटली का भरत नाही, कळलं? उलटंही होतं बरं का. संध्याकाळच्या लोकलमध्ये कुणाचं तरी भलतंच बाळ रडतं आणि इकडे कुर्ता ओला. ओढणी झिंदाबाद!

पुढचा प्रश्न बुद्धिबळवाल्यांसाठी. 1920 च्या दशकात अमेरिकेत ब्रेस्ट पंप बनवून पैसा कुणी कमावला, माहीत आहे का? एडवर्ड लास्कर! जगज्जेता इमॅन्युएल लास्कर वेगळा. हा त्याचा आडनावबंधू, पण स्वतः तगडा बुद्धिबळपटू आणि पेशाने इंजिनिअर. त्याच्या पंपामुळे अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांना आईचं दूध मिळालं. पटावर वजीर वाचवणारे पुष्कळ, याने प्यादी वाचवली!

खरं तर अमेरिकेत ब्रेस्ट पंपाचं पेटंट 1854 मध्येच निघालं होतं, ऑरवेल नीडहॅमच्या नावाने. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्याच्या पुढच्याच वर्षी. एवढी वर्षं झाली, आगगाडी कुठल्या कुठे गेली, पंप मात्र घुरघुरतच राहिला. 2014 मध्ये एमआयटीत इंजिनिअर आणि आया एकत्र बसल्या आणि चक्क ‘मेक द ब्रेस्ट पंप नॉट सक’ नावाची हॅकेथॉन झाली. आता ब्राच्या आत बसणारे, वायर नसलेले पंप मिळतात. किंमत पाहून मात्र पान्हा आटेल!

आता आपल्या घरची सुपरस्टार. हिरकणी! गवळण, रायगडावर दूध विकायला गेलेली. दिवस मावळला, दरवाजे बंद, तान्हं बाळ खाली घरी. पठ्ठी कडा उतरून गेली आणि त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला, अशी आख्यायिका. कधी लक्षात आलंय का? ही नोकरदार आईचीच गोष्ट आहे. वर विकायचं दूध, खाली पाजायचं दूध, आणि मध्ये ऑफिसचं बंद झालेलं गेट. आज रायगडचा रोपवे जिथून सुटतो, त्या गावाचं नावही हिरकणीवाडीच. तिला तेव्हा तिकीट मिळालं असतं तर बुरूज मिळाला नसता, हा भाग वेगळा.

नाव मात्र झकास चाललं. एसटीची ‘हिरकणी’ बस आहेच, शिवाय बसस्टँडवर आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजायला ‘हिरकणी कक्ष’ आले. पाटी सगळीकडे सुंदर! पाटीच्या आत काय, हे नशिबावर. कुठे पंखा आणि पडदा, कुठे तुटकी खुर्ची आणि जुन्या फायलींचे गठ्ठे.

खोटं वाटतंय? डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. फोटो गाजले, कौतुकाचा पाऊस पडला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या हिरकणी कक्षात गेल्या तर आत धूळच धूळ! कायदे करणाऱ्या आईची ही कथा, मग कारकून आईने कुणाकडे जायचं?

तिकडे ऑस्ट्रेलियात सिनेटर लॅरिसा वॉटर्स यांनी जून 2017 मध्ये लेकीला पाजता पाजताच सभागृहात ठराव मांडला. मल्टिटास्किंग याला म्हणतात.

कायद्याचं नाव काढताच जांभई? थांबा, हा मसालेदार आहे! 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं की पाजणाऱ्या कामगार आईला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सुट्टी. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा 1929 चा, देशात पहिला. आधीच्या वर्षी कौन्सिलात त्याच्या बाजूने कोण बोललं, माहीत आहे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

1961 च्या केंद्रीय कायद्याने बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसात दोन ‘नर्सिंग ब्रेक’ दिले. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक. आईला तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यायचं, हेही लिहिलंय. चहासाठी सात वेळा उठणाऱ्या मंडळींनी नजरा वर करू नयेत!

अमेरिका? तिथे देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजाच नाही. पण कायद्यात एक वाक्य भारी आहे: दूध काढायला जागा द्या, आणि ती बाथरूम नको. हे लिहून द्यावं लागलं, यातच आलं काय ते.

माहीत आहे का? रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, झोपेचं हार्मोन. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. म्हणून बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा. रात्रीचं दूध भरदुपारी पाळणाघरात पाजलंत तर ताईंची चंगळ!

बाटलीचं गणित अगदी सोपं: चार, चार, सहा. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने. पण 25 अंश म्हणजे कुठे? मे महिन्यातल्या परळला नव्हे! तिथे दूध काढलं की थेट फ्रिज, आणि घरी नेताना बर्फाचे पॅक घातलेली पिशवी. आणि हो, साय वर तरंगली, खाली निळसर पाणी दिसलं तर नासलं म्हणून ओतू नका. हलक्या हाताने फिरवा, एकजीव होतं. पालक खाल्ल्यावर कधी हिरवट झाक येते. फ्रीजरमधल्या दुधाला साबणासारखा वास आला तर तोही दुधातल्याच एका एन्झाइमचा प्रताप.

जास्त झालं तर? दान करा! जगातली पहिली दूध बँक 1909 ची, व्हिएन्नात. आणि आशियातली पहिली? टोकियो नाही, सिंगापूर नाही. आपलं सायन हॉस्पिटल! 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. विश्वविक्रम टेक्ससच्या एलिस ओगलट्रीचा: 2,645.58 लिटर दान. डोळे चोळू नका, आकडा बरोबर आहे. मात्र आईचं दूध विकायला आपल्याकडे परवानगी नाही; एफएसएसएआयने 2024 मध्ये तसं ठणकावलंय. इथे फक्त देणं.

आता पळता पळता प्राणिसंग्रहालय. हुडेड सील पिल्लाला फक्त चार दिवस पाजते, पण त्या दुधात 60 टक्क्यांच्या आसपास फॅट. मॅटर्निटी लीव्ह सर्वांत छोटी, मेनू सर्वांत भारी! कांगारूची मादी एकाच वेळी दोन सडांतून दोन वेगवेगळी दुधं देते, एक नवजातासाठी, एक दादासाठी. प्लॅटिपसला सडच नाहीत. दूध कातडीतून पाझरतं, पिल्लं चाटतात. आणि 2018 मध्ये शास्त्रज्ञांना पिल्लांना दुधासारखा द्रव पाजणारी कोळीण सापडली, त्यात प्रोटीन गाईच्या दुधाच्या चौपट. आठ पाय असल्यावर लॅपटॉप आणि पंप एकदम चालवता येत असेल!

आणि दरवर्षी ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलात येणारे गुलाबी फ्लेमिंगो? ते पिल्लांना अन्ननलिकेतून येणारं लालभडक ‘दूध’ पाजतात, आणि हे दूध आईइतकंच बाबालाही येतं. कबुतरांचंही तसंच. बाबालोक, वाचताय ना? तुम्हाला ती सोय नाही, मान्य. पण सिंकमध्ये पंपाचे सुटे भाग पडलेत, त्यातला तो छोटा पांढरा व्हॉल्व्ह हरवू नका. उद्या साडेअकराला लागणार आहे.