विश्वकिरण आणि मानवी फुफ्फुस

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजाराकरिता मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. त्या बाजारात उभ्या असलेल्या गृहस्थाने तळहात पसरला, तर दर सेकंदास एखादा तरी अदृश्य कण त्यातून आरपार निघून जातो, असे सांगितल्यास तो आम्हांस वेड्यात काढील. परंतु गोष्ट खरी आहे. हे कण म्हणजे अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांची पिलावळ होय. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून सुमारे ५३०० मीटर उंच जाऊन या किरणांचा शोध लावला. आणि आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा यांनी त्यांच्याच अभ्यासात कीर्ती मिळवून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली.

पिंपळगावच्या शेतकऱ्यास यांचे भय नाही. त्याच्या डोक्यावर वातावरणाचे पांघरूण आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कवच आहे. मंगळाकडे निघालेल्या प्रवाशास यांपैकी काहीच लाभत नाही. तेथे लोहाच्या अणूंची केंद्रकेदेखील प्रचंड वेगाने शरीरातून पार होतात.

त्यांची करणी समजण्यास घरातील जुन्या पोथ्या आठवाव्या. त्यांची पाने सुटी असतात. आपल्या पेशीत गुणसूत्ररूपी अशा ४६ पोथ्या आहेत. (हा आकडा त्जिओ व लेवान यांनी १९५६ साली निश्चित केला, तोही मानवी गर्भाच्या फुफ्फुसातील पेशी तपासून! तोवर सारे पंडित ४८ म्हणत होते.) क्ष-किरणांनी पाने तुरळक फाटतात व पेशी ती बहुधा सांधून घेते. जड कण मात्र आपल्या वाटेवर जवळजवळ अनेक ठिकाणी फाडीत जातो, आणि सांधण्याच्या घाईत एका पोथीचे पान दुसरीत बांधले जाते. फुफ्फुसाच्या पेशींवर लोहकण सोडून गुणसूत्रे निरनिराळ्या रंगांनी रंगविली, की एका रंगाच्या गुणसूत्रास दुसऱ्या रंगाचा तुकडा चिकटलेला स्पष्ट दिसतो. अशा पुष्कळ पेशी मरतात, ते बरेच. भय आहे ते जगून वाढणाऱ्या पेशींचे. कर्करोगाचे बीज त्यांत असते.

हे केवळ काचेच्या बशीतले प्रकरण नव्हे. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळस्थानकात राहिले. त्यांचे जुळे बंधू भूमीवर होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत स्कॉट यांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचे उलटे जोडलेले तुकडे वाढलेले आढळले, आणि परतल्यावरही ते टिकून राहिले.

आमच्या भगिनींनी पुढील गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. किरणांमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका स्त्रियांस अधिक, असे हिरोशिमा-नागासाकीच्या अनुभवावरून मानले जाते. त्यामुळे नासा संस्थेत स्त्रियांस किरणांची मर्यादा कमी होती, म्हणजे अंतराळातील मुक्कामही कमी. २०२२ साली सर्वांस एकच मर्यादा ठरली: आयुष्यभरात ६०० मिलिसीव्हर्ट, आणि ती ३५ वर्षांच्या स्त्रीचा धोका धरून काढलेली. स्त्रीचे माप पुरुषास लावल्याचे असे उदाहरण विरळाच! आम्हांस हा न्याय पटतो. परंतु मंगळाकडे गेलेल्या यानात झालेल्या मोजणीवरून २०१३ साली असे दिसून आले, की केवळ जाण्यायेण्यातच सुमारे ६६० मिलिसीव्हर्ट पदरी पडतील. तेथील मुक्काम निराळाच.

मग यानास शिशाच्या जाड भिंती का नसाव्यात? तर जड कण त्यांवर आपटून फुटतो व त्याचे तुकडेच आत शिरतात. हायड्रोजन विपुल असलेले पदार्थ त्याहून सरस ठरतात. म्हणून अंतराळस्थानकातील निजावयाच्या खोल्यांस पॉलिथिलीनचे, म्हणजे बाजारातील पिशव्या ज्याच्या होतात त्याच जातीच्या पदार्थाचे, अस्तर दिलेले आहे.