सापडले नाही, एवढेच लिहावे

बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचे नाही. या व्यवस्थेचा अर्थ सरळ आहे: एकट्या माणसावर भरवसा ठेवू नये. अशा शिस्तीत मुरलेल्या मला सहासष्टाव्या वर्षी, परक्या देशातल्या एका उद्यानात, झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला बिनकुलपाचा डबा पाहायला मिळाला. त्या डब्याने माझा एक जुना हिशेब पुन्हा उघडायला लावला.

मुलगा अमेरिकेत पोर्टलंड शहराजवळ राहतो. वायव्येकडचे हे ऑरेगन राज्य. समुद्राकडच्या या भागात मार्च उजाडला तरी पाऊस हटत नाही, पण थंडीची धार गेलेली असते. घरांपुढे पिवळे डॅफोडिल डोलू लागतात, विलामेट नदीकाठच्या चेरीच्या झाडांवर बहर येतो आणि जंगलात ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुले उमलतात. आपल्याकडे पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाला पालवी फुटते, तशीच ही तिकडची वसंताची खूण. अशाच एका शनिवारी नऊ वर्षांची नात म्हणाली, ‘आबा, खजिना शोधायला येता?’

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एखादा डबा बागेत किंवा रानात लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन तिथवर जायचे आणि डबा हुडकायचा. आत एक लहानशी वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची. डबा मोठा असला तर त्यात गोट्या, बिल्ले, चिमुकली खेळणी असतात. त्यातले काही घेतले तर तेवढ्याच मोलाचे काही ठेवायचे. मग डबा होता तसाच, होता तिथेच लपवून परत यायचे. बक्षीस नाही, पंच नाही, तपासनीस नाही.

खेळाचा जन्मही याच भागातला. उपग्रहांवरून जागा शोधण्याची जीपीएस यंत्रणा मूळची अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात पूर्वी मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम केलेली भेसळ बंद केल्याचे जाहीर केले. त्या मध्यरात्रीपासून हातातले यंत्र दहा-वीस मीटरपर्यंत जागा दाखवू लागले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने पोर्टलंडच्या आग्नेयेला, बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. बादलीत घेवड्याच्या उसळीचा एक डबाही होता. काही दिवसांतच ती सापडली. त्या जागी २००३ साली एक स्मारकफलक बसवण्यात आला. आज असे डबे जगभर तीस लाखांहून अधिक आहेत.

वसंताची सुरुवात या खेळाला सोयीची, हे नातीनेच मला समजावले. पानझडीच्या झाडांना अजून पाने नसतात, त्यामुळे आभाळ मोकळे मिळते आणि यंत्र कमी चुकते. झुडपे माजलेली नसतात, म्हणून बुंध्याशी, ओंडक्याखाली नजर जाते. मात्र जमीन मऊ असते, कोवळे कोंब पायाखाली जातात, तेव्हा पायवाट सोडताना जपून चालावे लागते. खणायला तर नियमानेच बंदी आहे. ट्रिलियमचे रोप बीपासून फुलावर यायला सात-आठ वर्षे घेते, असे कळल्यावर मी पाऊल बघून टाकू लागलो.

आमचे उद्यान घरापासून चालत वीस मिनिटांवर. डग्लस फरची उंचच उंच झाडे, शेवाळाने हिरवे झालेले मेपल, खाली नेच्यांची दाटी. मुलाच्या फोनवरचा बाण आम्हाला एका पडलेल्या ओंडक्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे गरगरू लागला. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह तुम्हाला जागेजवळ आणून सोडतात. शेवटची दहा पावले तुमची तुम्हालाच शोधावी लागतात!

अर्धा तास शोधले. मध्येच कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ आले, तेव्हा नातीने मला बुटाची नाडी बांधायला लावले. खेळ ठाऊक नसलेल्याला जागा कळू द्यायची नाही, हा दंडक. दुसऱ्या दिवशी भर पावसात पुन्हा गेलो. डबा नाही तो नाहीच. मी अनुभवी माणसाच्या सुरात म्हणालो, ‘बाळा, कोणीतरी उचलून नेला असणार. उघड्यावर ठेवल्यावर दुसरे काय होणार?’

तिने माझ्याकडे जरा रागानेच पाहिले. ‘नाही आबा. असं नाही लिहायचं. आपल्याला सापडला नाही, एवढंच लिहायचं.’

आणि खरोखरच त्या खेळात नोंदीचा तसा रिवाज आहे. डबा मिळाला नाही तर ‘सापडला नाही’ अशी नोंद करतात. ती नोंद शोधणाऱ्याविषयी असते. डब्याचे काय झाले, हे त्याला ठाऊक नसते. अशा नोंदी ओळीने आल्या की डबा ठेवणारा स्वतः जाऊन बघतो आणि मगच काय ते ठरवतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. एका संध्याकाळी रोख जुळेना. हजार रुपये कमी. आठ वाजेपर्यंत मोजणी केली, व्हाउचरे पुन्हापुन्हा लावली. शेवटी रिवाजाप्रमाणे कॅशियरने ते पैसे पदरचे भरले. तेवढ्यावर थांबता आले असते. पण मी वरिष्ठांना पत्र लिहिले आणि त्यात, ‘सदर कर्मचाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा आहे’ असे वाक्य घातले. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. पावसाळ्याआधी शाखेला रंग द्यायचा म्हणून काउंटर हलवले, तेव्हा खणाच्या मागच्या फटीत शंभराच्या दहा नोटा निघाल्या. पैसे त्यांच्या खात्यात जमा केले, वरिष्ठांना कळवले. हिशेब जुळला. त्यांना मात्र मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. साहेबाने कॅशियरची माफी मागायची, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही.

तिसऱ्या खेपेला नातीने ओंडका सोडून दिला आणि चार पावलांवरच्या बुंध्याची साल चाचपली. सालीचा एक तुकडा अलगद हातात आला. मागे ढोलीत हिरवा प्लास्टिकचा डबा! झाकणावर खेळाचे नाव स्पष्ट लिहिलेले, म्हणजे कोणी भलताच संशय घेऊ नये. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरची मुंबई मी पाहिली आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना आमच्या पिढीच्या अंगात भिनली आहे आणि ती चुकीची नाही. या खेळातल्या डब्यांमुळेही परदेशांत क्वचित पोलिसांची धावपळ झाली आहे. म्हणून तर जागामालकाची परवानगी आणि डब्यावरचे नाव यांना इथे महत्त्व आहे. भरवसा ठेवायचा म्हणजे काळजी सोडायची असे नाही, हे या खेळाने नीट ओळखले आहे.

ओलसर वहीत आमच्याआधी कितीतरी जणांच्या सह्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही तो डबा नेता आला असता. तो तिथे होता, कारण प्रत्येक येणाऱ्याने तो परत ठेवला होता. नातीने आपले नाव लिहिले, एक बिल्ला घेतला. मी खिशातले भारतीय पाच रुपयांचे नाणे डब्यात टाकले आणि तिच्या नावाखाली देवनागरीत सही केली. आयुष्यात हजारो नोंदवह्यांवर सह्या केल्या, त्यातली ही एक बिनकामाची. पण तिच्यावर तपासणीस येणारा कोणी नव्हता, तरीही ती खरी होती.

परत आल्यावर निवृत्तांच्या संघटनेकडून त्या कॅशियरचा फोन नंबर मिळवला. ते आता पंचाहत्तरीत आहेत, गावी शेती बघतात. नाव सांगितले, शाखा सांगितली आणि बत्तीस वर्षांपूर्वी लिहायला हवे होते ते बोललो. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘तारीखसुद्धा आठवतेय मला. बुधवार होता. घरी गेलो तर पोरांनी विचारलं, बाबा, एवढा उशीर का?’

मला काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘पण आज कशी काय आठवण झाली?’

मी त्यांना त्या डब्याची गोष्ट सांगितली. सालीच्या मागे होता आणि आम्ही ओंडक्यापाशी शोधत होतो, हे ऐकून ते मोकळे हसले. म्हणाले, ‘तुमच्या नातीला एकदा आमच्याकडे घेऊन या. आमच्या आमराईत लपवू काहीतरी.’