तार तुटू देऊ नका : पहिल्या लांब ट्रायथलॉनची तयारी

विनयपिटकात सोण कोळिविसाची गोष्ट आहे. चंपा नगरीतला हा श्रीमंताघरचा तरुण भिक्खू झाला आणि शीतवनात चंक्रमण करू लागला. इतका चालला, की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मन स्थिर होईना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला विचारले, वीणेची तार फार ताणली तर ती वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोणाला उत्तर कळले. आरोग्य पानावर ही गोष्ट सांगण्याचे कारण, लांब पल्ल्याची तयारी करणारे आपले बहुतेक तरुण सोणाचीच चूक करतात.

माजलगावात भरतीसाठी पहाटे पळणारी मुले-मुली आपल्या वस्त्यांतही आहेत. त्यांच्यातला एखादा 'आयर्नमॅन' पाहून विचारतो, "आपल्याला जमेल का?" जमेल. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळले. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी मिळवले. दमसास श्रीमंतीवर ठरत नाही. तो नियमाने वाढतो.

शर्यत किती मोठी?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एकामागोमाग. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणे असते. त्यासाठी साधारण १७ तास मिळतात. १९७८ साली हवाई बेटांवर ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. नवख्याने निम्मे अंतर धरावे : १.९ किमी, ९० किमी आणि २१.१ किमी. अशी शर्यत गोव्यात २०१९ साली सुरू झाली. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत.

आधी पाणी

गावची विहीर आपल्या आजा-पणज्यांसाठी बंद होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, ते हाच हक्क बजावण्यासाठी. ज्या पाण्याला शिवायचीही बंदी, त्यात पोहायला कोण शिकवणार? म्हणून आपल्या कितीतरी घरांत आजही पोहता येणारे कोणी नाही. पाण्यात उतरायचा हक्क आपला आहे, पण उतरायचे ते शिकूनच. मुलींनाही शिकवा.

पोहणे जाणत्या माणसाकडून, तलावात किंवा पाठीला डबा बांधून पायऱ्यांच्या विहिरीत शिका. सिंदफणेवरचे माजलगाव धरण हा नवख्याचा तलाव नव्हे. खोली अचानक वाढते आणि गाळात पाय रुततो. कालव्यात तर उतरूच नका. पाण्याला ओढ असते आणि काठ निसरडे असतात. न थांबता ५०० मीटर पोहता येईपर्यंत शर्यतीचे नाव नोंदवू नका. एकट्याने कधीही पोहू नका.

आठवडा कसा आखावा?

पोहता येत असेल आणि ५ किमी आरामात पळता येत असेल, तर पुढे सहा महिने धरा. आठवड्यात दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. सुरुवातीला आठवड्याला ४-५ तास पुरेत. शेवटी ९-१० तासांपर्यंत जावे. दर आठवड्याला साधारण एक दशांशच वाढ करा आणि चौथ्या आठवड्यात काम कमी करा. शेवटचे दोन आठवडेही हलके ठेवा.

बहुतेक सराव असा हवा, की पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. बोलता येत नसेल, तर तार जास्त ताणली आहे. महिन्यातून दोनदा सायकलवरून उतरून लगेच २-३ किमी पळा. पाय जड का होतात ते कळेल.

सायकल भारी नको. ब्रेक चांगले, डोक्यावर हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवा. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसले, तर अंधारात त्या दिसत नाहीत. म्हणून उजाडल्यावरच रस्त्यावर या.

ताटात काय?

उपाशीपोटी लांब सराव करू नका. भाकरी, वरण, मटकी, हरभरे, शेंगदाणे, अंडी, जमेल तेव्हा मासे-मटण, एवढे घरचे अन्न पुरते; महागड्या पावडरीची गरज नाही. दीड तासापेक्षा जास्त सराव असेल, तर दर तासाला एक-दोन केळी किंवा गूळ खा. तासन्‌तास घाम गाळून नुसते पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ घटते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. ओआरएस घ्या, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत सराव संपवा.

या खुणा ओळखा

सुरू करण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासा. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. आधी उपचार, मग सराव. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि हृदयाचा आलेख काढून घ्या.

पळताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. कष्टाच्या सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मुलीची पाळी बंद पडली, तर अन्न कमी पडत असावे, तपासून घ्या. दुखणे दाबायला गोळी खाऊन पळू नका. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

दिवसभर मजुरी करून आलेल्या मुलाने एखाद्या दिवशी सराव बुडवला, तर त्याला आळशी म्हणू नका. ती मजुरीही त्याच शरीराने केलेली असते. त्याला पोटभर जेवू घाला, आठ तास झोपू द्या. भगवंतांनी सोणाला चंक्रमण सोडायला सांगितले नव्हते. तार योग्य तेवढीच ताणायला सांगितले होते.