विसरलेल्या माणसाची सोबत

माणूस म्हातारा झाला म्हणजे केस पिकतात. दात पडतात. गुडघे कुरकुरतात. नातवाचे नाव चटकन तोंडात येत नाही. चष्मा कपाळावर असतो आणि आपण तो घरभर शोधतो. यात भिण्यासारखे काही नाही.

पण काही वेळा विसरणे निराळे असते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे. चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. जन्मभर भाकऱ्या केलेली बाई चुलीपुढे बसते आणि पुढे काय करायचे ते तिला सुचत नाही. रोजच्या वाटेने शेतावर जाणारा माणूस वाट चुकतो. आताच जेवलेला असतो, तरी म्हणतो, "मला कुणी जेवायला दिलं नाही." पुढे पुढे घरचे माणूसही ओळखू येत नाही. या दुखण्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

आपल्यात म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी.' ही म्हण काही खरी नव्हे. २०२३ साली एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना हे दुखणे आहे असे त्यात दिसले. म्हणजे बाकीच्या नव्वदांहून अधिक जणांची बुद्धी शाबूत आहे. पण आपला देश मोठा. म्हणून ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते.

अशा माणसाला घरात सांभाळते कोण? बहुधा नवरा बायकोला, नाही तर बायको नवऱ्याला. मुले कामधंद्याला शहरात असतात. म्हणून आज रोग्याविषयी तर बोलूच, पण त्याच्या जोडीदाराविषयीही बोलू.

१. हे भूत नव्हे, दुखणे आहे

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी एका बाईला इस्पितळात आणले. तिचे वय ५१ वर्षे होते. ती सारखे विसरे, भलताच संशय घेई. तिच्या नवऱ्याला तिला घरी सांभाळणे अशक्य झाले होते. अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. त्यांनी तिला तिचे नाव लिहायला सांगितले. तेही तिला पुरते लिहिता येईना. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासून पाहिला. तो आकसला होता. त्यात नको ते पदार्थ साचले होते. या दुखण्याला पुढे त्या डॉक्टरांचेच नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांत हाच सर्वांत जास्त आढळतो.

तेव्हा ध्यानात घ्या. ही बाहेरची बाधा नाही. करणी नाही. मागच्या जन्मीचे पाप नाही. पाय मोडतो तसा हा मेंदूचा आजार आहे. देवऋषाकडे पैसा घालवू नये, आणि रोग्याला मारझोड तर मुळीच होऊ देऊ नये.

२. आधी दवाखाना

सगळेच विसरणे या रोगाचे नसते. अंगात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली, मन फार खचले, डोक्याला मार लागला, तरीही माणूस विसरू लागतो. त्यावर उपाय होतात. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे. खुद्द अल्झायमरचा रोग पुरता बरा करणारे औषध मात्र अजून निघालेले नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा आराम पडतो, इतकेच. कुणी 'खात्रीचा इलाज' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

३. भांडून उपयोग नाही

मेंदू म्हणजे एक वही आहे असे समजा. या रोगात वहीची शेवटची पाने आधी गळतात. सकाळी काय खाल्ले ते जाते, पण लहानपणच्या जात्यावरच्या ओव्या राहतात. बोललेले विसरते, पण बोलण्याने झालेले दुःख मनात रेंगाळते. रागावलात तर माणूस कारण विसरेल, पण संध्याकाळपर्यंत घाबरलेला राहील.

म्हातारी विचारते, "माझी आई कुठंय?" आई तर चाळीस वर्षांपूर्वी गेली. "ती मेली" असे सांगितले, तर तिला ती बातमी नवीनच! ती पुन्हा रडते. त्यापेक्षा विचारावे, "तुझी आई सणाला काय करायची गं?" ती बोलू लागते. मन निवते.

बाकीची खबरदारीही घ्यावी. विळी, रॉकेल, शेतावरची औषधे कुलपात ठेवावी. विहिरीकडे जाणारे दार लावून घ्यावे. अंगातल्या कपड्यावर घरचा फोन नंबर शिवावा. उठणे, अंघोळ, जेवण रोज ठरल्या वेळी करावे. दिवस मावळताना हे रोगी जास्त बावरतात. तेव्हा दिवा लवकर लावावा आणि जवळ बसावे.

४. सांभाळणारा काय शिकतो?

आमच्या तालुक्यात एक शेतकरी आहेत. नाव सांगत नाही. वय सत्तरीच्या पुढे. बायकोला हे दुखणे लागून सहा वर्षे झाली. आधी या गृहस्थांना घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागे. भाकरी करपली तर ताट सरकवून उठत.

आता पहाटे चूल तेच पेटवतात. पहिल्या दिवशी थापताना भाकरी मोडली. महिनाभराने ती तव्यावर फुगू लागली. बायकोची वेणी घालायला शिकले. लुगड्याच्या निऱ्या घालायला शिकले. ते मला म्हणाले, "गुरुजी, पन्नास वर्षं ही एवढं काम करत होती, आणि मला वाटायचं ही घरात बसून असते!"

एकदा बायकोने त्यांना विचारले, "पाव्हणं, तुम्ही कुठल्या गावचं?" माणसाच्या काळजाला घर पडावे असा हा प्रश्न. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी हितलाच. तुमच्या शेजारी बसू का?" ती म्हणाली, "बसा की." ते बसले. तिने त्यांना ओळखले नाही, पण त्यांचा हात हातात घेतला. तिच्या ओळखीवर आपली माया अवलंबून नाही, हे त्यांना त्या दिवशी समजले.

दुसरीकडे एका बाईंचा नवरा असाच आजारी पडला. सारा व्यवहार तो पाहत असे. ही अंगठेबहाद्दर. बँकेत कोणी कागद पुढे केला की हिची छाती धडधडे. मग ती रात्री अक्षरे गिरवू लागली. आज ती पासबुक वाचते, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचते, सोसायटीत सही करते. नवऱ्याला रोज दोन ओळी वाचून दाखवते. त्याला अर्थ कळतो की नाही, कोण जाणे. आवाजाने तो शांत होतो.

हे दुखणे चांगले असे कोणी म्हणू नये. ते वाईटच आहे. माणूस डोळ्यांसमोर थोडा थोडा जात असतो. पण दुखण्याशी झुंजताना सांभाळणारा माणूस पहिला राहत नाही. हुकूम सोडणारा विचारू लागतो. घाई करणारा थांबायला शिकतो. दबून राहणारी धीट होते. ही वाढ पिकासारखी आहे, एका रात्रीत दिसत नाही. आणि ती ओढूनताणून आणताही येत नाही. एखादे दिवशी नुसता दिवस निभावला, तरी पुष्कळ झाले.

५. एकट्याने ओझे वाहू नये

सांभाळणाऱ्यालाही राग येतो. झोप होत नाही. 'यातून सुटका कधी?' असा विचार मनात येतो, आणि मग लाज वाटते. लाजू नये. तो थकव्याचा आवाज असतो. थकलेला बैल आपण सोडतो, चारा-पाणी करतो. मग आपण माणसाला तेवढेही का देऊ नये?

भाऊ, मुलगी, सून, शेजारी, सर्वांनी पाळी लावावी. आठवड्यातून निदान दोनदा दोन तास सांभाळणाऱ्याला मोकळे करावे. त्याने पारावर बसावे, भजनाला जावे, नाही तर निवांत झोपावे. मदत मागणे हाही एक शिकण्याचाच धडा आहे. पुरुषांना तो जरा उशिरा येतो! मन फार खचले तर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करावा. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ हा नंबर आहे. बोलायला पैसे पडत नाहीत.

गावानेही हसू नये. 'म्हातारचळ लागला' म्हणणे सोपे. त्यापेक्षा म्हातारा वाट चुकलेला दिसला तर हात धरून घरी पोचवावा.

ध्यानात ठेवा

• विसरणे वाढले तर आधी डॉक्टरला दाखवा.
• रोग्याशी वाद घालू नका. त्याचे मन सांभाळा.
• जमीन आणि बँकेचे कागद, रोग्याला समजते आहे तोवरच नीट करून घ्या.
• रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, मिश्री सोडा. कमी ऐकू येत असेल तर इलाज करा. मेंदू जपायला याचा उपयोग होतो.
• सांभाळणाऱ्यालाही जेवण, झोप आणि दोन गोड शब्द लागतात.

तुमच्या गावात असे एखादे घर असेल. उद्या त्या घरी जा. 'काय लागतंय का?' एवढे तरी विचारा.