‘झालंच नाही, त कापाचं कायले?’

अँजेलिना जोली म्हटलं की तुम्हाला ‘टुम्ब रेडर’ आठवत असेल. मला आठवतो मे २०१३. कॅन्सर झालेला नसताना आपण दोन्ही स्तन काढून घेतले, असं तिने त्या महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून जगाला सांगितलं. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली होती आणि हिच्या रक्तात बीआरसीए१ या जीनमधला दोष सापडला होता. डॉक्टरांच्या मते ब्रेस्ट कॅन्सरचा धोका होता ८७ टक्के आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा ५० टक्के! २०१५ मध्ये तिने ओव्हरीज आणि ट्यूब्जही काढून टाकल्या.

‘हॉलिवूडवाल्यांचं काय, पैसा आहे, करतात!’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. आज तोच प्रश्न आमच्या समुद्रपूरच्या घरात येऊन बसलाय.

समुद्रपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं जाम आमच्याच तालुक्यातलं. बाकी सगळा कापूस आणि सोयाबीन. मी पुण्यात आयटीत. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, गावातच दिलेली. आजी ‘पोटातल्या गाठीने’ गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. मावशी ४१ व्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. आईला ४४ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ती त्यातून बरी झाली. मागच्या वर्षी फॉलोअपच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी ही सगळी नावं एका कागदावर मांडली आणि आईची जीन टेस्ट करायला सांगितली. बीआरसीए१ पॉझिटिव्ह. मग ताईची (वय ३६) आणि माझी (वय ३०) टेस्ट झाली. दोघीही पॉझिटिव्ह!

ही भानगड काय आहे?

बीआरसीए१ आणि २ हे जीन्स आपल्या सगळ्यांमध्ये असतात. डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. शास्त्रज्ञांनी ते १९९४ आणि १९९५ मध्ये शोधून काढले. त्यांच्यात जन्मतःच दोष असेल तर दुरुस्ती नीट होत नाही आणि कॅन्सरचा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बाईला ८० व्या वर्षापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि ओव्हरीच्या कॅन्सरची ४४ टक्के. बीआरसीए२ मध्ये हेच आकडे ६९ आणि १७.

लगेच घाबरू नका. भारतात २०२२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या केसेस झाल्या असा अंदाज आहे. साधारणपणे १०० पैकी ५ ते १० केसेसच आनुवंशिक असतात.

‘आमच्यात असलं काही नसतं’ हे वाक्य मात्र विसरा. अमेरिकेत कोलोरॅडोच्या सॅन लुईस व्हॅलीतल्या स्पॅनिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबांमध्ये चक्क ज्यू समाजात आढळणारा बीआरसीए१ चा दोष सापडला. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीचे पूर्वज विस्मरणात गेले, जीन मात्र राहिला. जीन जात-धर्म विचारत नाही!

ताईचं ठरलं

डॉक्टरांनी पर्याय मांडले. स्तनांसाठी एक तर दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करत लक्ष ठेवायचं, नाहीतर सर्जरी. सर्जरीने धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो. ओव्हरीचं गणित वेगळं आहे. तिथला कॅन्सर वेळेत पकडेल अशी भरवशाची तपासणीच नाही. म्हणून बीआरसीए१ असेल तर मुलं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान, ओव्हरीज आणि ट्यूब्ज काढण्याचा सल्ला देतात.

ताईला दोन मुलं आहेत. तिच्या सासूबाईंचा एकच सवाल, ‘‘सूनबाई, काही झालंच नाही, त कापाचं कायले?’’ प्रश्न चुकीचा नाही. ओव्हरीज काढल्या की दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, सगळं दहा-बारा वर्षं आधी. वर गावातल्या चर्चा! भाऊजी पंधरा दिवस गप्प होते. मग म्हणाले, ‘‘शरीर तुझं आहे, तू ठरव. दवाखान्यात मी राहीन.’’

ताई मला फोनवर म्हणाली, ‘‘मावशीची पोट्टी आईबिगर वाढली, मी पाहिलंय. माह्या पोट्टीची दहावी होईन तवा मले घरात राहाचं आहे.’’ दिवाळीनंतरची तारीख ठरलीय. स्तनांची सर्जरी तिला सध्या नको. त्यासाठी ती वर्षाला तपासणी करून घेणार.

आणि माझं?

माझं लग्न झालेलं नाही. मूल हवंय. म्हणून ओव्हरीज आत्ता नाही. स्तनांसाठी एमआरआय सुरू केलाय. दरवेळी रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस कामात लक्ष नसतं, हेही खरं. लग्नाच्या मुलाला हे कधी सांगायचं? आईचं मत, नंतर. माझं मत, दुसऱ्या भेटीत. ज्याला झेपणार नाही तो तेव्हाच कळलेला बरा!

एकच जीन, एकच घर आणि दोन वेगळे निर्णय. काउन्सेलरच्या मते त्यात चूक काहीच नाही.

तुमच्यासाठी चेकलिस्ट

* घरात कुणाला पन्नाशीच्या आत ब्रेस्ट कॅन्सर, कुठल्याही वयात ओव्हरीचा कॅन्सर किंवा पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर झालाय? मग डॉक्टरांशी बोला.
* तीन पिढ्यांची यादी करा. वडिलांकडचीही! दोष वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के.
* शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची टेस्ट करा. नेमका दोष सापडला की बाकीच्यांचा फक्त तेवढाच तपासतात, त्यामुळे खर्चही कमी होतो.
* रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर त्याच्या जोरावर सर्जरी करायची नसते.
* टेस्टच्या आधी आणि नंतर काउन्सेलिंग हवंच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ही सोय आहे.

राहता राहिला आमचा दादा. ‘हे बायकांचं आहे’ म्हणून तो टेस्ट टाळतोय. बीआरसीएचा दोष पुरुषांतही असतो, त्यांचाही धोका वाढवतो आणि मुलीपर्यंत पोचतो. दादाची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला आत्ता काहीच करायचं नाही. पण ती मोठी होईल तेव्हा तिला विचारावं लागू नये, की बाबा, तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं का?

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का’च्या पुढे एक प्रश्न विचारा. आजी नेमकी कशाने गेली?